गर्भाशयमुखाची बायॉप्सी सांगितली आहे, नेमकं काय होतं?

जुईली

नियमित तपासणी म्हणून पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची) आणि एचपीव्ही (त्या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूची) अशा दोन्ही चाचण्या केल्या. स्मिअरच्या रिपोर्टवर एचएसआयएल, म्हणजे पेशींमध्ये जास्त बिघाड, असं लिहून आलंय आणि एचपीव्हीचा १६ नंबरचा प्रकार पॉझिटिव्ह आहे. मला त्रास म्हणाल तर काहीच नाही. पाळी नियमित, मधेच अंगावरून जाणं नाही, दुखणं नाही. डॉक्टरांनी कॉल्पोस्कोपी करून, म्हणजे दुर्बिणीतून बघून, गर्भाशयाच्या मुखाची बायॉप्सी, म्हणजे तपासायला लहान तुकडा, घ्यायची असं सांगितलंय. दुखतं का म्हणून विचारलं तर "चिमटा काढल्यासारखं वाटेल, घाबरायचं काही नाही" एवढं म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तेव्हापासून झोप उडाली आहे. एक भीती त्या टेबलावर काय होणार याची, दुसरी रिपोर्टमध्ये काय निघणार याची. दुसरीचं उत्तर इथे कोणी देऊ शकणार नाही हे कळतं, म्हणून पहिलीबद्दल विचारते. भूल देतात का? वेळ किती लागतो? एकटीने जाऊन एकटीने परत येता येतं का? दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं का?

धीर द्यायचा म्हणून गोड गोड सांगू नका. दुखलं असेल तर दुखलं म्हणा.

टिटवी

जुईली, माझी झाली आहे. दवाखान्यातच झाली, ऑपरेशन थिएटर वगैरे नाही, भूलही नाही. पाय वर ठेवून झोपायचं, पॅप स्मिअरला वापरतात तोच स्पेक्युलम (योनी उघडी ठेवायचं उपकरण) घालतात, फक्त या वेळी तो जास्त वेळ आत राहतो. मग डॉक्टर दुर्बिणीतून बघतात. दुर्बीण बाहेरच असते, ती आत जात नाही. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते मोठं यंत्र जवळ आणलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

औषध लावल्यावर थोडी आग झाली. तुकडा घेताना एक कळ आली आणि गेली. सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत आटोपलं. संध्याकाळपर्यंत ओटीपोटात पाळीसारखं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

बकुळफुलं

>> एक कळ आली आणि गेली <<

टिटवी, तुझं तसं झालं याचा आनंद आहे, पण जुईलीने खरं सांगा म्हटलंय म्हणून लिहिते. मला खूप दुखलं. पहिला तुकडा घेतला तेव्हा तोंडातून किंकाळी निघाली. त्यानंतर गर्भाशयमुखाच्या नळीतून खरवडून नमुना घेतला, ते त्याहून वाईट होतं. पोटात पिळवटून आलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि समोरून ऐकायला काय मिळालं, तर "एवढं काही नसतं, बाकीच्या बायका करून घेतात की."

दुखण्यापेक्षा ते वाक्य जास्त दिवस लक्षात राहिलंय. दुखेल असं आधी सांगितलं असतं तर मी तयारीने गेले असते, सोबत कोणीतरी नेलं असतं. "चिमटा" म्हणून टेबलावर झोपवायचं आणि मग ओरडली म्हणून तिलाच बोलायचं, हे मला अजूनही पटत नाही.

सांजवात

बकुळ, +१. माझंही खरवडताना फार दुखलं होतं. तुकडा घेतल्याचं कळलंही नव्हतं.

निळाई

वाचते आहे. माझीही तारीख मिळाली आहे.

दूर्वा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, या तपासण्या नेहमी करते. टिटवी आणि बकुळफुलं, तुम्हा दोघींचेही अनुभव खरे आहेत आणि दोन्ही प्रकारच्या बायका मी आठवड्याला पाहते. कोणाला किती दुखेल हे आधी ओळखता येत नाही. गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागाला कापल्याची जाणीव तुलनेने कमी असते, पण ओढल्याची, ताणल्याची आणि आतल्या नळीला धक्का लागल्याची जाणीव चांगलीच होते. म्हणून काही जणींना तुकडा घेतलेला कळत नाही आणि खरवडणं मात्र सहन होत नाही. बाळंतपण झालंय का, रजोनिवृत्ती झाली आहे का, किती तुकडे घ्यावे लागले, मनात किती ताण आहे, या सगळ्याने फरक पडतो.

जुईली, क्रमाने सांगते. तारीख शक्यतो पाळी संपल्यावर घ्या. जास्त रक्तस्राव चालू असेल तर नीट दिसत नाही. आदले एक-दोन दिवस संबंध, टॅम्पॉन, योनीत घालायच्या गोळ्या किंवा क्रीम टाळा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. आयोडीनची किंवा भुलीच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी, दमा, गरोदर असण्याची शक्यता, हेही आधीच सांगा. उपाशीपोटी जायची गरज नसते, उलट काही न खाता आलेल्या बायकांना घेरी लवकर येते. डॉक्टरांना विचारून तासभर आधी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेता येते. तिने नंतरच्या कळा कमी होतात, तुकडा घेतानाच्या कळेवर मात्र तिचा फारसा भरवसा धरू नका.

टेबलावर झोपल्यावर स्पेक्युलम घातला की गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल. बिघडलेल्या पेशी त्याने मिनिटाभरात पांढऱ्या दिसू लागतात. याला घाई चालत नाही, म्हणून डॉक्टर नुसत्याच बघत बसल्या आहेत असं वाटलं तर काळजी करू नका. नंतर बऱ्याचदा आयोडीन लावतात. निरोगी पेशींमध्ये ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं, त्यामुळे त्या गडद तपकिरी होतात, आणि बिघडलेला भाग पिवळट राहतो. जिथे शंका वाटते तिथून लहान चिमट्याने दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतात. साधारणपणे दोन ते चार ठिकाणांहून घेतात. एकाहून जास्त तुकडे घेतले म्हणजे काहीतरी भयंकर दिसलं असा अर्थ काढू नका, जास्त जागांहून घेतल्याने काही निसटायची शक्यता कमी होते.

टाके नसतात. रक्त थांबवायला एक घट्ट तपकिरी द्रव किंवा सिल्व्हर नायट्रेट लावतात. त्यामुळे पुढचे काही दिवस काळपट, राखाडी, मधेच बारीक चुरा असावा तसा स्राव जातो. ही गोष्ट सांगायची राहून जाते आणि रात्री बायकांचे घाबरून फोन येतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बकुळफुलं

दूर्वा, एवढं कोणी मला त्या वेळी सांगितलं असतं तर! पण मग भुलीचं इंजेक्शन सगळ्यांना का देत नाहीत? दातासाठी देतात, इथे का नाही?

दूर्वा

तुमचा प्रश्न रास्त आहे. कारण असं दिलं जातं की इंजेक्शनची सुईही टोचतेच, त्यात वेळ जातो आणि तुकडा काढायला क्षणभरच लागतो. एखादाच तुकडा बाहेरच्या भागातून घ्यायचा असेल तर हे म्हणणं काही अंशी खरं आहे. पण हा निर्णय बाईला विचारून व्हावा, गृहीत धरून नव्हे, हे मी ठामपणे म्हणेन. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, एकॉगने, २०२५ मध्ये यावर स्वतंत्र मार्गदर्शन काढलंय. दवाखान्यात होणाऱ्या गर्भाशयाच्या आणि गर्भाशयमुखाच्या अशा तपासण्यांआधी वेदनेबद्दल मोकळेपणाने बोला आणि वेदना कमी करायचे पर्याय समोर ठेवा, असं त्यात सांगितलंय. बायॉप्सीही त्यात येते.

एक बिनखर्चाचा उपाय सांगते. तुकडा घ्यायच्या क्षणी जोरात खोकायचं. यावर अभ्यास झालेले आहेत आणि काहींमध्ये खोकल्याचा उपयोग जवळपास इंजेक्शनइतकाच दिसला. मी स्वतः "आता खोका" असं सांगते.

टिटवी

अरे हो! मला खोकायला लावलं होतं. मला वाटलं घशाचं काही तपासतायत :)

चांदणचुरा

टिटवी :D
माझी मैत्रीण इतक्या मनापासून खोकली की बाहेरच्या बाकावरून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "अगं पाणी हवंय का?"

रानवारा

पुरुष सदस्याने इथे लिहावं का असा विचार करत होतो. पत्नीची बायॉप्सी पुढच्या आठवड्यात आहे. ती फारशी बोलत नाहीये. बरोबर जाणाऱ्याने काय करावं? आत थांबू देतात का?

टिटवी

जरूर लिहा, उलट बरं वाटलं. काही ठिकाणी आत थांबू देतात, काही ठिकाणी नाही, आधी विचारून घ्या. पण त्यांना तुम्ही आत हवे आहात का, हे त्यांनाच विचारा. मला नवरा आत नको होता, बाहेर हवा होता.

सांजवात

रानवारा, येताना गाडी तुम्ही चालवा. त्या दिवशी घरातलं काम त्यांच्या वाट्याला येऊ देऊ नका. आणि "काही निघणार नाही, तू उगाच काळजी करतेस" हे वाक्य बोलू नका. माझा माणूस प्रेमानेच म्हणत होता, पण त्यानंतर मला भीती वाटतेय हे त्याला सांगताच येईना.

चांदणचुरा

माझ्या वहिनीबरोबर दादा गेला होता, आधाराला म्हणून. आत वहिनी व्यवस्थित, आणि बाहेर दादाला घेरी. नर्सने पाणी आधी त्याला दिलं. वहिनी म्हणते, त्याला सांभाळण्याच्या नादात मी माझं दुखणं विसरले. तेव्हा रानवारा, जाल तेव्हा खुर्चीवर बसून राहा :)

रानवारा

मनापासून आभार सगळ्यांचे. खुर्चीचं लक्षात ठेवतो.

अनामिका२

नेहमीचं नाव बाजूला ठेवून लिहिते आहे. लहानपणी माझ्यासोबत जे घडलं त्यामुळे मला अशी कुठलीच तपासणी सहन होत नाही. पॅप स्मिअरलाही दोनदा उठून आले. आता बायॉप्सी सांगितली आहे. टेबलावर झोपायच्या कल्पनेनेच श्वास अडकतो. माझ्यासारखीने काय करायचं?

दूर्वा

अनामिका, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तपासणीच्या दिवशी नाही, त्याआधी एक वेगळी भेट घ्या. कपडे न बदलता, नुसतं बोलण्यासाठी. तिथे तपशील सांगायची गरज नाही. "पूर्वीच्या एका अनुभवामुळे मला ही तपासणी अवघड जाते" एवढं वाक्य पुरेसं आहे. सांगायला जड जात असेल तर कागदावर लिहून द्या.

स्त्री डॉक्टर मागता येते. लहान स्पेक्युलम मागता येतो, तो स्वतःच्या हाताने घालू द्या असंही म्हणता येतं. विश्वासातलं माणूस डोक्याशी उभं राहू शकतं. हात वर केला की थांबायचं, हे आधी ठरवून घ्या. डॉक्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगतील असंही ठरवा. आणि हे सगळं करूनही जमणार नसेल तर गुंगीचं औषध देऊन किंवा पूर्ण भूल देऊन बायॉप्सी करता येते. त्यासाठी वेगळी व्यवस्था लागते, पण ते मागण्यात कमीपणा नाही. या तपासण्या टाळत राहणाऱ्यांमध्ये तुमच्यासारख्या बऱ्याच जणी असतात, आणि त्यांना ओरडून नाही, थांबून आणता येतं.

अनामिका२

हात वर केला की थांबायचं, हे मागता येतं हेच माहीत नव्हतं. धन्यवाद.

बकुळफुलं

अनामिका, तुझ्यासोबत बसायला कोणी नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. फोनवर तर नक्की असेन.

निळाई

थोडं अवघड विचारते. एचपीव्ही हा संबंधांतून पसरणारा विषाणू आहे ना? रिपोर्ट आल्यापासून घरात वातावरण बदललंय. नवरा तोंडाने काही म्हणत नाही, पण त्याच्या डोळ्यांत प्रश्न दिसतो. आणि खरं सांगू, माझ्याही डोळ्यांत त्याच्याबद्दल तोच प्रश्न आहे.

पॅथोलॅब

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. निळाई, या रिपोर्टवरून दोघांपैकी कोणाबद्दलच काही सिद्ध होत नाही. एचपीव्ही इतका सर्रास आढळतो की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधीतरी त्याचा संसर्ग होतो. बऱ्याचदा तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो आणि झाल्याचं कळतही नाही. काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो आणि चाचणीत खूप उशिरा दिसतो. कधी लागला, कोणाकडून लागला, हे कुठलीच प्रयोगशाळा सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असू शकतो, जोडीदाराकडून आलेला असू शकतो आणि त्यालाही पत्ता नसू शकतो.

शक्य असेल तर पुढच्या भेटीला दोघं मिळून जा आणि हा प्रश्न डॉक्टरांसमोरच काढा. असे संसार मी पाहिले आहेत जिथे आजार पुढे गेला नाही, संशय मात्र गेला.

बाकी, तुकडा घेतल्यावर पुढे काय होतं ते सांगतो, कारण वाट पाहणं हाच या सगळ्यातला सर्वांत जड भाग असतो. तुकडा लगेच फॉर्मॅलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत जातो. प्रयोगशाळेत त्यातलं पाणी काढून त्यात मेण भरतात, मग त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात आणि रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकीचा भाग गुलाबी. मग आम्ही पाहतो की बिघडलेल्या पेशी आवरणाच्या किती उंचीपर्यंत चढल्या आहेत. या बिघाडाच्या पायऱ्यांना सीआयएन म्हणतात. खालच्या एक तृतीयांशापर्यंत असतील तर सीआयएन १, दोन तृतीयांशांपर्यंत सीआयएन २, त्याहून वर सीआयएन ३. आवरणाखालचा पडदा ओलांडून त्या खाली उतरल्या असतील तरच आम्ही कॅन्सर हा शब्द लिहितो. शंका असेल तर पी१६ नावाचा खास रंग करून पाहतो, त्यात आणखी वेळ जातो. रिपोर्टला एक-दोन आठवडे लागणं नेहमीचं आहे. उशीर झाला म्हणजे वाईट निघालं असं नसतं.

जुईली

म्हणजे सीआयएन ३ असलं तरी तो कॅन्सर नाही?

पॅथोलॅब

नाही. कॅन्सरपूर्व बदल. पण दुर्लक्ष करायचा बदल नव्हे. न्यूझीलंडमधल्या ज्या स्त्रियांच्या सीआयएन ३ वर पुरेसे उपचार झाले नव्हते, त्यांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा ३० वर्षांत साधारण ३० टक्के जणींना कॅन्सर झालेला दिसला. याच्या दोन बाजू आहेत. एक, हाताशी वेळ असतो, एका आठवड्यात आकाश कोसळत नाही. दुसरी, तो वेळ उपचारासाठी आहे. सीआयएन १ बहुतेकदा आपोआप जातो, त्याला कापाकापी लागत नाही, लक्ष ठेवतात. सीआयएन २ मध्ये वय आणि पुढे मूल हवं आहे का हे बघून ठरवतात. तरुण वयात त्यातले जवळपास निम्मे दोनेक वर्षांत मागे फिरतात.

चांदणचुरा

थोडं विषयांतर, पण या धाग्यात बसेल. गर्भाशयमुखाच्या एका बायॉप्सीने वैद्यकशास्त्र बदललं आहे. १९५१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचे तुकडे घेतले गेले. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या, मरेनात. हेला पेशी म्हणतात त्या याच. पोलिओच्या लसीची चाचणी त्यांच्यावर झाली, पुढे कितीतरी संशोधन झालं. तिला मात्र कोणी विचारलं नव्हतं. त्याच वर्षी वयाच्या ३१ व्या वर्षी ती गेली, आणि घरच्यांना कितीतरी वर्षं हे माहीतच नव्हतं.

पॅथोलॅब

आणि पुढचा दुवा असा, की हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाला १९८० च्या दशकात त्याच हेला पेशींमध्ये एचपीव्ही १८ सापडला. हा विषाणूच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं कारण आहे हे त्यांनी दाखवून दिलं, त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. आज माहीत आहे की या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्ही १६ आणि १८ या दोघांमुळे होतात. २००६ मध्ये आलेली लसही त्याच वाटेवरची.

बकुळफुलं

तिला विचारलं नव्हतं, हे वाचून थांबले. म्हणून सांगते, संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका गं. मला ते टेबलावर झोपल्यावर हातात दिलं होतं. चष्मा पर्समध्ये, पर्स बाहेर. काय काय करणार, खरवडणार आहेत का, तिथल्या तिथे आणखी काही काढून टाकणार आहेत का, हे कपडे बदलण्याआधी बसून विचारा.

सांजवात

एक वेगळा मुद्दा, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. पाळी गेल्यावर योनी कोरडी होते, स्पेक्युलमच इतका दुखतो की पुढचं राहू द्या. माझ्या डॉक्टरांनी आधी काही आठवडे इस्ट्रोजेनचं क्रीम लावायला दिलं, मग तपासणी केली. खूप फरक पडला. पहिल्यांदा मात्र तसंच केलं होतं.

दूर्वा

सांजवात, चांगली आठवण केलीत. या वयात जिथे बदल होतात ती सीमारेषा आत नळीत सरकलेली असते, दुर्बिणीतून पूर्ण दिसत नाही. म्हणून या वयात खरवडण्याची वेळ जास्त येते. इस्ट्रोजेनचं क्रीम सगळ्यांना चालतं असं नाही, स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर जरूर सांगा.

जुईली

काल बायॉप्सी झाली. सगळ्यांना सांगायचंच होतं.

आधी बसून बोलायचं ठरवूनच गेले. "मला किती तुकडे घेणार, खरवडणार का, आणि भुलीचं इंजेक्शन मिळेल का" हे तिन्ही प्रश्न कागदावर लिहून नेले होते. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. नीट समजावलं. इंजेक्शन दिलं. त्याची सुई टोचली, छातीत क्षणभर धडधडलं, ते औषधामुळे होतं असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तुकडे घेताना टक असा आवाज आला आणि ओढ जाणवली, कळ नाही. खरवडताना मात्र दुखलं. बकुळ, तू लिहिलं होतंस तसंच पिळवटल्यासारखं, पण थोडाच वेळ, आणि मला माहीत होतं की हे येणार आहे. उठल्यावर जरा गरगरलं, म्हणून नर्सने दहा मिनिटं झोपवून ठेवलं. बहीण सोबत होती, एकटीने येता आलं असतं पण बरं झालं ती होती.

आज ओटीपोटात जड वाटतंय, काळपट जातंय. दूर्वा, तुम्ही लिहिलं नसतं तर काल रात्री मीही फोन केला असता.

बकुळफुलं

जुईली, तुला आधी माहीत होतं हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विश्रांती घे.

दूर्वा

छान झालं. आता साधारण आठवडाभर, किंवा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेवढे दिवस, संबंध आणि टॅम्पॉन नको, साधा पॅड वापरा. आंघोळ चालते, पोहणं नको. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला, घाण वासाचा स्राव आला किंवा पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत गेली, तर वाट न बघता फोन करा.

निळाई

माझीही झाली. मला कळलंसुद्धा नाही, टिटवीच्या गटात मी. नवरा सोबत आला होता. डॉक्टरांनी त्याच्यासमोरच सांगितलं की कधी, कोणाकडून हे कोणी सांगू शकत नाही. घरी येताना तो म्हणाला, मला विचारायला हवं होतं, मनात ठेवायला नको होतं. पॅथोलॅब, तुम्हाला धन्यवाद.

जुईली

रिपोर्ट आला. सीआयएन ३. खरवडलेल्या नमुन्यात काही नाही. लीप करायचं म्हणतायत. तारेच्या वेटोळ्यात वीज सोडून तो भाग काढतात म्हणे. भीती आहे, पण आता नेमकी कशाची आहे ते कळतं. आम्हाला अजून एक मूल हवं आहे, त्यावर परिणाम होईल का?

दूर्वा

नुसत्या बायॉप्सीने गर्भधारणेवर काही परिणाम होत नाही, हे आधी सगळ्यांसाठी. लीपनंतरही दिवस राहायला सहसा अडचण येत नाही. मात्र पुढच्या गरोदरपणात मुदतीआधी बाळंत होण्याची शक्यता थोडी वाढते, आणि ती किती खोल भाग काढला त्यावर अवलंबून असते. म्हणून मूल हवं आहे हे लीपच्या आधी सांगा, म्हणजे लागेल तेवढंच काढायचा विचार होईल. पुढे दिवस राहिले की तिथल्या डॉक्टरांनाही लीप झाल्याचं सांगा, त्या गर्भाशयमुखाची लांबी मोजत लक्ष ठेवतील. लीपला इंजेक्शनची भूल देतातच. साधारण सहा महिन्यांनी एचपीव्ही चाचणी होईल. त्यानंतर तपासण्या कितीतरी वर्षं सुरू ठेवायच्या, बरं वाटतंय म्हणून सोडायच्या नाहीत. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल आणि त्यात तुम्ही असाल, तर ते थांबवा. तंबाखूच्या धुराने हा विषाणू शरीरातून जायला वेळ लावतो.

टिटवी

जुईली, माझं लीप झालं आहे, त्यानंतर मुलगीही झाली. व्यनि करते.

अबोली९

धागा उशिरा पाहिला. मी पाच महिन्यांची गरोदर आहे आणि स्मिअरमध्ये बिघाड निघालाय. कॉल्पोस्कोपीला बोलावलंय. बाळाला धोका नाही ना? कोणी बायॉप्सी म्हटलं तर नको म्हणू का?

दूर्वा

कॉल्पोस्कोपी गरोदरपणात सुरक्षित आहे, नक्की जा. बघून फार शंका आली नाही तर बऱ्याचदा तुकडा न घेता नुसतं लक्ष ठेवतात आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी पुन्हा पाहतात. जास्त बिघाड दिसला तर लहान तुकडा घेता येतो. या दिवसांत तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो म्हणून रक्त थोडं जास्त जाऊ शकतं, डॉक्टर त्या तयारीनेच घेतात. नळीतून खरवडणं मात्र गरोदरपणात करत नाहीत. तेव्हा सरसकट नको म्हणू नका. गरोदर आहात हे नोंदणीच्या खिडकीवर आणि आत, दोन्हीकडे सांगा, आणि "आज तुकडा घेतला नाही तर काय होईल" हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर ऐकून मग ठरवा.

अबोली९

उद्याच जायचं आहे. हा प्रश्न लिहून घेतला. नंतर इथे कळवते.